दिघीवर चाललं का?

"लागलं तर," एवढंच त्या म्हणायच्या, आणि उजव्या हाताचा तळवा किंचित उलटा करायच्या. हातातली वस्तू बाजूला ठेवून दिल्यासारखा. चहा टाकू का, ताई? लागलं तर. पंखा लावू? लागलं तर. आमच्या हिने पहिल्या वर्षी त्यांना गणपतीला जेवायला बोलावलं, तेव्हाही उत्तर तेच. ही घरात येऊन मला म्हणाली, "जेवण म्हणजे काय औषध आहे का हो, लागलं तर घ्यायला?"

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. गाव अशा माणसाला शिष्ट म्हणतं आणि पुढे जातं. आमच्या गावानेही तसंच केलं.

आमचं गाव मुरूड तालुक्यात, आगरदांड्याच्या अलीकडे. मी इथल्या मच्छीमार सोसायटीचे हिशेब सांभाळतो. त्या आमच्या गल्लीत समोरच्या घरातली वरची खोली भाड्याने घेऊन राहायला आल्या, तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. आधी न्हावा शेवाकडे कंटेनरच्या एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात होत्या, एवढं घरमालकाने सांगितलं. लग्न केलेलं नाही, आईवडील राहिले नाहीत, हे त्यानेच सांगितलं. बाकी कोणालाच काही माहीत नव्हतं. खिडकीतून खाडी दिसते म्हणून त्यांनी ती खोली घेतली असेल, असं आम्हाला वाटलं. पण टेबल त्यांनी आतल्या भिंतीला लावलं आणि खिडकीवर जाड कापड सोडलं. खारी हवा मशीनला चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. खाडीची खोली घेऊन खाडी बंद करणारी बाई गावाने पहिल्यांदाच पाहिली.

त्या दिवसभर करतात काय, हे मला कळायला सोसायटीचा कॉम्प्युटर बिघडावा लागला.

आमच्याकडे एक जुना प्रोग्राम होता. पनवेलच्या एकाने कधीकाळी करून दिलेला. कोणत्या बोटीने किती मासळी आणली, किती डिझेल उचललं, सगळी मागची नोंद त्यात. ती नोंद काढून दाखवल्याशिवाय सभासदांना सवलतीचं डिझेल मिळत नाही. प्रोग्राम करणारा माणूस पनवेल सोडून कुठे गेला, कोणाला ठाऊक नाही. आणि ज्या मशीनवर तो चालायचा, ते मशीन आता सकाळी सुरू करताना गिरणीसारखं घरघरायचं. एक दिवस ते मधेच बंद पडलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा बंद पडलं. मी रस्ता ओलांडून बाईंचा जिना चढलो.

त्या आल्या. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी मशीनच्या अंगाला हाताची मागची बाजू लावली. ताप बघतात तशी.

"काय झालंय याला?" मी विचारलं.

"वय," त्या म्हणाल्या.

आमचे चेअरमन शेजारीच बसले होते. जुने तांडेल, अख्खा जन्म बोटीवर गेला. त्यांनी विचारलं, "मंग बाय, दुसरा आणूया. हाय एक सेकंडहँड, आमच्या भाच्याने दिलेला. त्यावर टाक हा परोगराम."

"त्यावर हा चालणार नाही. फार जुना आहे. पण त्या मशीनच्या पोटात हे जुनं मशीन चालवता येईल."

"पोटात?"

बाईंनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, "तांडेल, बोटीवर डिझेल किती, बर्फ किती, जाळ्यावर कोण, हे तुम्हीच ठरवायचात ना? कॉम्प्युटरमध्येही असा एक तांडेल असतो. कर्नल म्हणतात त्याला. त्या तांडेलाला शिकवायचं, की बाबा, तुझ्या बोटीच्या आत आणखी एक बोट आहे. तिला तिच्यापुरतं डिझेल दे, बर्फ दे. आतल्या बोटीला वाटतं, आपण आपल्या समुद्रावरच आहोत."

चेअरमन बराच वेळ मान हलवत राहिले. मग म्हणाले, "आनि आतल्या बोटीला म्हावरा गावतो का?"

"गावतो. बाहेरचा तांडेल देईल तेवढा."

"मंग बाय, त्यो तांडेल न्हाय, व्यापारी हाय!"

बाई हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढे त्या म्हणाल्या, की ही सोय त्यांच्या कर्नलमध्ये अजून नाही, घालावी लागेल.

'त्यांच्या' कर्नलमध्ये म्हणजे काय, ते मला हळूहळू समजलं. लिनक्स नावाची एक व्यवस्था आहे, ती जगभरातली माणसं मिळून बांधतात आणि कोणालाही फुकट देतात. तिचे अनेक घाट आहेत, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. त्यातला एक लहानसा डिस्ट्रो जुन्या, गरीब मशीनांसाठी आहे. तो सांभाळणारी माणसं मोजकीच, एकमेकांना कधी न भेटलेली. त्या डिस्ट्रोचा कर्नल आमच्या गल्लीतल्या वरच्या खोलीत तयार व्हायचा. पगार नाही. मोठ्या लिनक्सांत ही पोटातल्या मशीनची सोय केव्हापासून आहे, पण ती आमच्या सेकंडहँड मशीनला जड झाली असती. "आणि आपलं असताना दुसऱ्याचं कशाला?" हेही त्यांनी म्हटलं.

अडचण होती ती एका माणसाची. थंड प्रदेशातल्या कुठल्याशा देशात राहणारा तो माणूस त्या डिस्ट्रोचा प्रमुख. त्याचं मत असं, की आपला कर्नल बारीक राहिला पाहिजे. पोटात मशीनं चालवायची सोय घातली, तर तो फुगेल आणि जुन्या मशीनांत मावणार नाही. बाईंनी त्याला कळवलं, की मी दुसरीकडे जागा करते.

जागा कशी करतात, ते मी त्यांच्या खोलीत बसून पाहिलं. मला वाटलं होतं, त्या काही लिहीत असतील. तसं नव्हतं. पडद्यावर नुसते प्रश्न. हजारो. नक्की आकडा मला माहीत नाही म्हणून देत नाही. या जातीचं मशीन चालवायचं का? ती डिस्क ओळखायची का? आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तरं तीनच. हो म्हटलं, तर ती गोष्ट कर्नलच्या अंगातच राहते. नाही म्हटलं, तर राहत नाही. आणि तिसरं उत्तर असं, की ती वस्तू अंगात नको, बाजूला डिस्कवर ठेवा, गरज पडेल तेव्हा उचलून आणू.

"म्हणजे लागलं तर," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्षानुवर्षं दिवसभर हीच तीन उत्तरं देणाऱ्या माणसाच्या तोंडी तेच बसणार, हे मला कळलं. त्यांनाही माझ्यामुळेच कळलं असावं, कारण त्या जरा ओशाळल्या.

तर त्यांनी कर्नलमधल्या पुष्कळ गोष्टी 'हो' मधून काढून 'लागलं तर' मध्ये टाकल्या. जागा झाली. त्या जागेत नवी सोय बसली. आपल्या मशीनच्या पोटात त्यांनी लहान लहान मशीनं तयार केली आणि प्रत्येकात तो कर्नल चालवून पाहिला. सगळी मशीनं सुरू झाली. थंड देशातला माणूस म्हणाला, ठीक आहे, तात्पुरती आवृत्ती बाहेर काढू, लोक वापरून पाहतील. बाईंनी मला निरोप पाठवला, की उद्या सोसायटीत येते.

सोसायटीत त्या दिवशी मी, चेअरमन आणि कमिटीतले तिघं एवढे होतो. चेअरमननी नव्या मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. बाईंनी त्यावर डिस्ट्रो बसवला, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं वर सरकत गेली, आणि थांबली. थांबली ती थांबलीच.

"झाला का?" चेअरमननी विचारलं.

बाई वाचत होत्या. ओळी फार नव्हत्या, पण त्या त्याच ओळी परत परत वाचत होत्या. त्यांच्या मानेवरून घाम खाली आला.

"डिस्क सापडत नाही म्हणतंय," त्या म्हणाल्या.

"आतमध्येच तर हाय की."

"आत आहे. पण ही डिस्क ओळखायची अक्कल मी 'लागलं तर' म्हणून बाजूला ठेवली. आणि ती ठेवलीय डिस्कवरच."

कमिटीतल्या एकाने वाकून पडद्याकडे पाहिलं. मग चेअरमन सावकाश म्हणाले, "म्हंजे चावी कपाटात ठेवली, नि कपाट लावून घेतला."

"हो."

कमिटीतल्या एकाला हसू आवरेना. बाईंनी नारळाची शकलं बाजूला सरकवली, आपली पिशवी उचलली आणि गेल्या. नमस्कार न करता गेल्या. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

मला नंतर समजलं ते असं. त्यांच्या स्वतःच्या मशीनमधली डिस्क नव्या जातीची, तिचं उत्तर 'हो' होतं. पोटातल्या मशीनांच्या डिस्का तर खऱ्या नसतातच, त्यांचंही उत्तर 'हो' होतं. त्यामुळे त्यांच्या खोलीत सगळं सुरळीत चाललं. जुन्या जातीची खरी डिस्क त्या खोलीत एकही नव्हती. कर्नल फक्त त्यांच्या खोलीत चालत होता, बाहेर जगात कुठेच नाही. ज्यांनी ज्यांनी ती आवृत्ती घेतली, त्यांची त्यांची मशीनं अडली. थंड देशातल्या माणसाने रागाने काही लिहिलं नाही, पण जे लिहिलं ते सरळ होतं. यापुढे खऱ्या मशीनांवर चालवून दाखवल्याशिवाय हा बदल मी घेणार नाही. निदान पाच मशीनं, वेगवेगळ्या जातीची.

बाईंकडे एक होतं, तेही नवं, धरण्यासारखं नाही.

पाच मशीनं मिळवायची म्हणजे पाच दारं वाजवायची. बाईंनी गावात एकही दार वाजवलेलं नव्हतं. काही दिवस वरच्या खोलीचं दार उघडलं नाही. इकडे सोसायटीतलं जुनं मशीन सकाळी सुरू व्हायला दोन दोन वेळा नकार द्यायचं, आणि सवलतीच्या डिझेलचे कागद पाठवायची वेळ जवळ येत होती. चेअरमन रोज विचारायचे, "बाय काय बोलली?" मी म्हणायचो, काही नाही.

शेवटी आमची ही जिना चढली. हातात वाटीभर सोलकढी आणि काखेत आमच्या मुलीचा कॉलेजातला लॅपटॉप, जो माळ्यावर पडून होता. दाराशी उभं राहून म्हणाली, "ताई, हा चालतो की नाही ठाऊक नाही. पण लागला तर."

ही सांगते, की बाई आधी रागावल्यासारख्या दिसल्या. मग त्यांनी लॅपटॉप घेतला. सोलकढीही घेतली. आणि एक वाक्य बोलल्या, ते हिने मला जसंच्या तसं येऊन सांगितलं: "वहिनी, लागलं तर म्हणून ठेवलेली वस्तू लागेल तेव्हा हाताशी पाहिजे. माझी तीच चूक झाली."

दुसऱ्या दिवसापासून बाई घरं फिरू लागल्या. काम थोडक्यात असं. खिशातला पेन ड्राइव्ह लावायचा, त्यावरून मशीन सुरू करायचं, आतली डिस्क दिसते का पाहायचं, पोटात एक लहान मशीन चालवून बघायचं, सगळं बंद करून निघायचं. कोणाच्या मशीनमधलं काही हलवायचं नाही. पण जुनं मशीन सुरू व्हायला वेळ घेतं, आणि तेवढ्या वेळात कोकणातली माणसं गप्प बसत नाहीत. बर्फाच्या कारखान्यातल्या कारकुनाने त्यांना आपल्या मुलीच्या ठरत नसलेल्या लग्नाची हकिकत सांगितली. फोटो स्टुडिओवाल्याने पोहे मागवले. त्याच्या आईने विचारलं, "तुमचं गाव कुठलं? मग इथे कोण आहे तुमचं?" बाई म्हणाल्या, "मशीन सुरू झालं बघा."

पण परत दुसऱ्या फेरीला गेल्या तेव्हा कारखान्यातल्या कारकुनाला त्यांनी स्वतःहून विचारलं, "मुलीचं जमलं का?" हे तोच मला सांगत आला, काही मोठं घडल्यासारखा.

पाचवं मशीन सापडेना. कॉम्प्युटरचं मुख्य यंत्र, म्हणजे प्रोसेसर, दोनपैकी एका कंपनीचं असतं, आणि आमच्या गावात पाहावं तिकडे एकाच कंपनीचं. दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला पोटात मशीन चालवायची रीत वेगळी. तसं एक मशीन पलीकडे दिघीला एका झेरॉक्सच्या दुकानात आहे, असं फोटो स्टुडिओवाल्याने सांगितलं. मी म्हणालो, स्कूटरवर नेतो. बाईंनी तळवा उलटा करायला हात उचलला, आणि मग म्हणाल्या, "चला."

आगरदांड्याहून आम्ही फेरीबोटीत चढलो. मी स्कूटरजवळ थांबलो, त्या कठड्यापाशी उभ्या राहिल्या. पेन ड्राइव्ह मुठीत, मूठ पदराखाली, खारी हवा लागू नये म्हणून. इतकी वर्षं खाडीवर राहून त्या पहिल्यांदाच खाडीच्या मध्यावर आल्या होत्या. मी विचारलं, कसं वाटतंय? "हलतंय," त्या म्हणाल्या.

दुकानदार दिघीचाच, कोकणी मुसलमान, बोलका माणूस. मशीनभोवती त्याने फॉर्मचे गठ्ठे रचून ठेवले होते. "मॅडम, चालवा बिनधास्त. पण मयत झालं तर दफन तुम्ही करायचं."

मशीन सुरू झालं. डिस्क दिसली. पण पोटातलं मशीन काही केल्या चालेना. बाई पुन्हा त्याच ओळी वाचू लागल्या. मला सोसायटीतला तो दिवस आठवला आणि मी दुकानाबाहेर येऊन उभा राहिलो. बघवेना. थोड्या वेळाने आतून दुकानदाराचा आवाज आला, "म्हणजे कारखान्यातूनच बंद?"

"सोय आत असते," बाई सांगत होत्या, "पण झाकण लावून पाठवतात. आपण उघडायचं."

"अल्ला! आणि मी इतकी वर्षं झाकणावर बसलोय?"

त्यांनी मशीनच्या मूळ मांडणीत जाऊन ते झाकण उघडलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. या वेळी पोटातलं मशीन चाललं. बाई खुर्चीत मागे टेकल्या. दुकानदाराने मला हाक मारली, "भाऊ, आत या, मॅडम खूश आहेत, पण सांगत नाहीत!" मग त्याने बिर्याणी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. बाईंनी 'लागलं तर' म्हटलं नाही. दोनदा वाढून घेतलं.

परत येताना स्कूटरवर मागे बसून त्या म्हणाल्या, "भाऊ, नोकरीत माझ्याकडे दोनशेच्या वर मशीनं होती. एकाचंही घर पाहिलं नव्हतं."

वाऱ्यात मला नीट ऐकू आलं नाही असं दाखवून मी स्कूटर पुढे दामटली.

बदल मंजूर झाला. सोसायटीतल्या जुन्या मशीनची डिस्क बाईंनी जशीच्या तशी एका फाइलीत उतरवली आणि नव्या मशीनच्या पोटात ती चालू केली. एका चौकटीत आमचा जुना निळा पडदा आला, कोपऱ्यात सोसायटीचं नाव, त्यातल्या चुकीच्या वेलांटीसकट. चेअरमन वाकून बघत म्हणाले, "अरं, ह्यो तर आपलाच!" त्या वर्षीचे डिझेलचे कागद वेळेत गेले. एकही बोट अडली नाही.

या लोकांची एक रीत आहे. बदल कर्नलमध्ये घेताना त्याच्या तळाशी लिहितात, हा कोणी केला आणि तो चालवून कोणी पाहिला. चालवून पाहणाऱ्याचं नाव आणि ई-मेल, दोन्ही. बाईंनी प्रत्येक घरी जाऊन विचारलं, तुमचं नाव घालू का? कोणी नाही म्हटलं नाही. ज्यांच्याकडे ई-मेल नव्हता, त्यांच्यापुढे माझा घातला. आमच्या हिचं नाव गेलं, माझं गेलं, बर्फाच्या कारकुनाचं गेलं, चेअरमनचं गेलं. चेअरमन बरेच दिवस बंदरावर सांगत होते, की जगात जेवढी म्हणून अशी मशीनं हायत, त्यांच्यात माजा नाव हाय. कोणी हसलं तर म्हणायचे, "जा, बायला विचार."

मशीनांची नावं बाईंनी सोपी ठेवली होती. ज्याचं मशीन त्याचं किंवा त्या गावाचं नाव. डिस्ट्रो सांभाळणाऱ्या त्या मंडळींत दिघीचं नाव फार झालं, कारण तिथलं मशीन सगळ्यात हट्टी. पुढच्या प्रत्येक आवृत्तीला ती माणसं आधी तेच विचारायची: दिघीवर चाललं का? दिघीवर चाललं, म्हणजे सगळीकडे चालेल. बाईंनी मला त्या ओळी दाखवल्या होत्या. आमच्या खाडीपलीकडल्या गावाचं नाव परक्या माणसांच्या तोंडी बघून मला कौतुक वाटलं. दुकानदाराला मी सांगितलं, तर तो म्हणाला, "मग आता मला मशीन बदलायला बंदी का?"

नवी आवृत्ती वर्षाकाठी एकदा निघायची. तेवढ्यापुरता बाईंचा फेरा. एरवी दार बंद. आता पोटात हवी तितकी मशीनं चालवायची सोय त्यांच्यापाशीच होती, रोजच्या कामाला कोणाची गरज नव्हती. लोक मला विचारायचे, "बाई यंदा कधी?" घरी पाहुण्यांची वाट बघतात तसे. कारखान्यातल्या कारकुनाच्या मुलीचं लग्न झालं, त्याला बाई गेल्या नाहीत. पण त्यानंतर आठवडाभराने पेन ड्राइव्ह घेऊन गेल्या आणि अल्बम पाहून आल्या.

गणपतीलाही तसंच. पुढच्या वर्षी ऐन आरतीच्या वेळी बाई आमच्या दारात. "वहिनी, लॅपटॉपवर जरा एक चाचणी घ्यायची होती." हिने तो काढून दिला. बाईंनी चाचणी घेतली, आरती घेतली, मोदक खाल्ले. मग दर वर्षी. लॅपटॉपची बॅटरी फुगली तेव्हा मी तो भंगारात द्यायचं म्हटलं, तर ही एकदम चिडली. "राहू दे तो. ताईंनी यायचं कशावर?"

यंदा पावसाळा सरल्यावर बाईंना ताप आला. ही पेज घेऊन गेली. म्हणाली, ताई, डॉक्टरकडे जाऊ या, हे स्कूटरवर नेतील, नाहीतर रिक्षा सांगू. बाई म्हणाल्या, "लागलं तर." हाताचा तळवा उलटा केला की नाही, हिला आठवत नाही. पुढे दोन दिवसांनी सकाळी घरमालकाने आम्हाला बोलावलं. दार आतून लावलेलं होतं. हाका मारल्या, उत्तर नाही. दार मोडून त्यांना अलिबागला नेलं. श्वास होता. संध्याकाळी तोही राहिला नाही.

एक चुलतभाऊ आला. भला माणूस होता, पण बाईंना त्याने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. अग्नी देताना आमच्या गावचीच माणसं जास्त होती. चेअरमन काठी टेकत आले होते. दिघीचा दुकानदार पहिल्या बोटीने आला आणि शेवटपर्यंत मागे उभा राहिला. चुलतभावाने मला विचारलं, "ही तुमच्याकडे नोकरीला होती का?" मी म्हणालो, नाही. जाताना तो खोलीतलं मशीन घेऊन गेला.

त्यानंतर काही आठवड्यांनी मला इंग्रजीत एक ई-मेल आला. पत्ता माझा, पण आत नावं चार, त्या पत्त्यावर नोंदलेली: हिचं, चेअरमनचं, कारकुनाचं आणि माझं. थंड देशातल्या माणसाचा होता. नवी आवृत्ती तयार आहे, बाईंचं उत्तर येत नाही, त्या नेहमी त्याच दिवशी उत्तर देतात, तुम्हा चौघांपैकी कोणाला काही माहीत आहे का? दिघीवर चाललं का, एवढं कळलं की पुरे.

इंग्रजी मला कामापुरतं येतं. पाच ओळींचं उत्तर लिहायला मला दुपार लागली. बाई आमच्या समोरच्या घरात राहत होत्या, त्या वारल्या, तारीख, कारण, आणि शेवटी, की क्रियाकर्म रीतीप्रमाणे झालं आहे. ते त्याला समजेल का, असा विचार मनात आला, पण ठेवलं.

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्याने लिहिलं होतं, की त्याला त्यांचं वय माहीत नव्हतं, चेहरा माहीत नव्हता, आवाज कधी ऐकला नव्हता. त्यांच्यातल्या कोणीच ऐकला नव्हता. तुम्ही चौघं त्यांच्या कंपनीतले सहकारी आहात, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. आणि दिघी हे त्यांच्या खोलीतल्या एखाद्या मशीनचं नाव असेल असं त्यांना वाटायचं. दिघी म्हणजे काय?

मी लिहिलं, गाव आहे. खाडीच्या पलीकडे. बोटीने जावं लागतं. त्या दर वर्षी जात होत्या.

यावर दोन दिवसांनी उत्तर आलं. ते लांब होतं, पण त्यात शोक कमी आणि सूचना जास्त होत्या. पेन ड्राइव्ह कसा तयार करायचा, कोणती कळ दाबायची, पडद्यावर काय दिसलं तर चांगलं, काय दिसलं तर फोटो काढून पाठवायचा. शेवटी लिहिलं होतं: तुम्हाला शक्य असेल तरच. तोवर आम्ही थांबतो.

आमच्या हिच्या लॅपटॉपवर मी दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा डिस्क दिसली, पोटातलं मशीनही चाललं. कारखान्यात कारकुनाने माझ्यासाठी खुर्ची पुसली. स्टुडिओत पोहे आले, ते मी खाल्ले. सोसायटीतल्या मशीनच्या वेळी चेअरमन शेजारी बसून होते. सगळं नीट झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "दिघी राह्यली."

शनिवारी सकाळी मी आगरदांड्याला गेलो. पेन ड्राइव्ह शर्टाच्या आतल्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. बोट धक्क्याला लागत होती. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाने वर न बघता विचारलं, "स्कूटर एक, माणसं किती?"

"एक," मी म्हटलं, आणि त्याला तेवढेच पैसे दिले.